आळीतली रोजरी : मे महिन्याच्या सुट्टीतल्या कामाच्या नोंदी

वसईच्या पश्चिम पट्ट्यात मे म्हणजे मरियामातेचा महिना, लग्नांचा महिना आणि पोरांच्या सुट्टीचा महिना, तिन्ही एकदम. आमच्या आळीत या दिवसांत रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी नाहीतर आळीच्या क्रुसापाशी रोजरी, म्हणजे जपमाळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, होते. मुलं मागे बसतात, एकमेकांना चिमटे काढतात आणि चणे वाटायची वेळ झाली की पुढे येतात. यंदा त्यांच्याकडून जपमाळाच करून घ्यायच्या ठरवल्या, दोरीच्या, गाठी मारलेल्या. मी घरी शिवणकाम करते म्हणून हे माझ्या गळ्यात पडलं. पुढच्या वर्षी कुणाला आपल्या आळीत करायचं असेल तर आमचा वाया गेलेला वेळ त्यांचा वाचावा, म्हणून या नोंदी.

२७ एप्रिल २०२५, रविवार

परीक्षा परवा संपल्या. काल पोप फ्रान्सिस यांचा अंत्यविधी टीव्हीवर पाहिला, मुलंही बसली होती. आज मिस्सेनंतर फादरांना विचारलं. म्हणाले, करा, शेवटी सगळ्या माळा आणा, आशीर्वाद देतो. खर्चाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

मुलं दुसरीपासून आठवीपर्यंतची. माळ कुणासाठी करायची हे आधीच ठरवून टाकलं. आळीत अंथरुणाला खिळलेली आणि क्रुसापर्यंत चालत येऊ न शकणारी जी म्हातारी माणसं आहेत त्यांना एकेक द्यायची, स्वतःची नंतर. माझ्या धाकटीला हे पटलं नाही. तिला आधी स्वतःची हवी होती, तीही गुलाबी.

हिशेब सरळ आहे. पूर्ण जपमाळेत ५९ मणी. क्रुसाकडून सुरुवात केली तर एक मोठा, तीन बारके, एक मोठा. मग गोल माळेत दहा-दहाची पाच दशकं आणि त्यांच्या मधे चार मोठे. बारक्या मण्यावर ‘नमो मरिया’, मोठ्यावर स्वर्गीय पित्याची प्रार्थना. दोरीत हेच बारक्या आणि मोठ्या गाठींनी करायचं.

२९ एप्रिल

साहित्याचा दिवस. सोपट (केळीच्या खोडाचा वाळलेला धागा) फुकट मिळतं, वाडीत केळी आहेत, म्हणून तेच आधी घेतलं. हार ओवायला भिजवतात तसं भिजवून गाठी मारल्या. ओल्यात सुंदर बसल्या, रंगही छान, मी खूश. सकाळी वाळल्यावर बघते तर सगळ्या सैल, आणि जरा ओढून घट्ट करायला गेलं की तटकन तुटतंय. शोभेच्या वस्तूला ठीक असेल, रोज हाताळायच्या वस्तूला नाही.

शेजारच्या आजींनी डबीभर गुंजा आणून दिल्या. ‘पूर्वी याच्याच माळा करायचे, पोरांना दे.’ दिसायला तोड नाही, लालभडक आणि वर काळा ठिपका. पण गुंजेत अब्रिन नावाचं जहाल विष असतं. कवच टणक असल्याने अख्खी बी गिळली तर पुष्कळदा तशीच बाहेर पडते, मात्र चावली किंवा तिला भोक पाडलं की आतला गर उघडा होतो. मणी करायचा म्हणजे भोक पाडणं आलंच. लहान मुलं असलेल्या घरात हा विषय नको. आजींना वाईट वाटलं, डबी मी आभार मानून परत केली आणि ‘वर ठेवा, माळ्यावर’ असं सांगून आले.

कसई नावाच्या गवताचं बी मात्र उत्तम असतं. आरपार भोक निसर्गानेच ठेवलेलं, सुई घातली की झालं. ते पावसाळ्यानंतर पिकतं. ज्यांना करायचंय त्यांनी दिवाळीच्या सुमारास गोळा करून ठेवावं, एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

३० एप्रिल

पाचूबंदरला जाऊन आले. जाळ्याला लागणारी नायलॉनची पिळाची दोरी हवी होती, दोन मिलिमीटरच्या आतली. रीळ २४० रुपयांना. हिरवा आणि निळा हे दोनच रंग, गुलाबी मागितल्यावर दुकानातला माणूस हसला.

रात्री सगळ्या दोऱ्यांच्या गाठी मारून पाहिल्या. सुती दोरा हाताला मऊ, पण गाठ इतकी आवळली जाते की बोटाला लागतच नाही. अंधारात किंवा डोळे मिटून म्हणणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. तागाच्या सुतळीला लव सुटते आणि ती टोचते. बाजारात सामान बांधायला प्लास्टिकची चकचकीत दोरी मिळते, तिची गाठ मारून टेबलावर ठेवली आणि चहा करून येईपर्यंत ती आपोआप उकलली होती. तंगूस (गुळगुळीत एकेरी नायलॉन धागा) तर विचारूच नका. जाळ्याची पिळाची दोरी जिंकली. एकच खोड, कापली की टोक उसवतं. म्हणून कापायच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळायची आणि पट्टीच्या मधोमध कापायचं.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन, सगळी घरी. दुपारी आमच्या पडवीत पहिली बैठक आणि ती पार फसली.

गाठ अशी: दोरीचे बोटाभोवती तीन वेढे घ्यायचे, टोक त्या वेढ्यांच्या पोटातून काढायचं, वेढे बोटावरून सरकवून हळूहळू आवळायचे. पिंपासारखी लांबट गाठ होते. मोठ्या मण्याला पाच वेढे. एका पूर्ण माळेला साधारण २० फूट दोरी लागते, म्हणून प्रत्येकाला २२ फूट कापून दिली. आता प्रत्येक गाठीला उरलेली सगळी दोरी त्या वेढ्यांतून ओढून काढावी लागते. पहिल्या गाठीला जवळजवळ २० फूट, दुसऱ्या गाठीला त्याहून जरा कमी. पडवीभर दोरी, एकाची दुसऱ्याच्या पायात, कुत्रं मधून गेलं. तासाभराने आठवीतल्या मुलाच्या सात गाठी झाल्या होत्या, बाकीच्यांच्या दोन-तीन. दोघं क्रिकेटला पळाले. ते बरोबरच होते.

शिवाय प्रत्येकाचं बोट वेगळं. दुसरीतल्या मुलीची गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी, आठवीतल्याची हरभऱ्याएवढी.

संध्याकाळी क्रुसापाशी पहिली रोजरी. दर दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाचं चिंतन करायचं, त्याला रहस्य म्हणतात, आणि कुठली पाच रहस्ये घ्यायची ते वारावर ठरतं. गुरुवार म्हणजे प्रकाशाची रहस्ये. ही पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जपमाळेत घातली, त्यामुळे सत्तरीच्या पुढच्या बायकांना अजून ती आपली वाटत नाहीत. एका आजींनी ठणकावून आनंदाचं पहिलं रहस्य सुरू केलं. मुलांनी त्यांना दुरुस्त केलं, कारण मुलांना ती धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ आहेत. मागच्या रांगेत एकदम उत्साह संचारला. काना गावचं लग्न हे दुसरं रहस्य, आणि पलीकडच्या आळीतून नेमका लग्नाचा बँड ऐकू येत होता.

२ मे

सकाळी कोळीवाड्यातले एक काका मासळी द्यायला आले होते. दोरीचा गुंता बघून म्हणाले, ‘एवढी लांब दोरी कशाला घेता? तुकडे करा आन जोडा. आम्ही जाळं एका दोरीत इणतो का?’ पायरीवर टेकून त्यांनी दोन तुकडे जोडून दाखवले. एका तुकड्याचं शेपूट दुसऱ्याच्या दोरीभोवती तीन वेढे घेऊन आपल्याच वेढ्यांतून बाहेर काढायचं. दुसऱ्याचं शेपूट पहिल्याभोवती तसंच. मग दोन्ही लांब बाजू विरुद्ध दिशांना ओढायच्या. दोन गाठी दोरीवरून सरकत येतात आणि एकमेकींना टेकून गच्च बसतात. जितकं ओढाल तितकी पक्की.

मी त्या जोडाकडे बघत राहिले, कारण तो दिसायला नेमका मोठ्या मण्यासारखा होता. म्हणजे जोड लपवायची भानगडच नाही, जोड हाच मोठा मणी.

आता रचना अशी. दहा गाठींचे पाच तुकडे, प्रत्येकी पाच फूट. ते गोलात जोडले की पाच जोड होतात. चार जोड हे चार मोठे मणी, पाचव्या जोडापाशी क्रुसाकडची शेपटी बांधायची. शेपटी वेगळ्या तीन फुटांच्या तुकड्याची, तिच्यात एक मोठी, तीन बारक्या, एक मोठी गाठ. मुलाने एका बैठकीत एकच तुकडा करायचा. अर्ध्या-पाऊण तासात हातात काहीतरी पुरं झालेलं असतं. जोडायचं काम मोठ्यांचं.

बोटांच्या जाडीवरही तोडगा सापडला. रिफिल काढून टाकलेल्या बॉलपेनची नळी. सगळ्यांनी एकाच जातीच्या पेनाच्या नळीवर वेढे घ्यायचे, टोक नळीतून आरपार घालायचं, नळी उपसून काढायची. टोक आपोआप वेढ्यांच्या पोटातून गेलेलं असतं. गाठी सारख्या, आणि दुसरीतल्या मुलांनाही जमतं. घरोघरची संपलेली पेनं गोळा झाली.

एक सूचना: आवळताना दोन्हीकडून एकदम खेचलं तर वेढे एकावर एक चढतात आणि गाठ बसकी होते. एका हाताच्या चिमटीत वेढे धरून ते पिळाच्या दिशेने गोल फिरवत दुसऱ्या हाताने टोक ओढायचं. हे तोंडी सांगून कळत नाही, मुलाचा हात आपल्या हातात घेऊन एकदा करून दाखवावं लागतं.

४ मे, रविवार

दोन माळा जोडून झाल्या. मी अभिमानाने शेजारच्या आजींना दाखवायला नेल्या, त्याच गुंजावाल्या. त्यांना मोतीबिंदू आहे, दिसतं कमी. माळ हातात घेऊन त्यांनी बघितलंच नाही, अंगठ्याने एकेक गाठ सरकवत ओठ हलवायला लागल्या. तिसऱ्या दशकात थांबल्या. मागे गेल्या, परत आल्या. ‘ह्यात एक नमो मरिया जास्तीची घातलीय.’ मोजलं तर अकरा. दुसऱ्या माळेत एका ठिकाणी नऊ.

तेव्हापासून तपासणी आजींकडे. प्रत्येक तुकडा जोडण्याआधी त्यांच्या हाताखालून जातो. मुलं आधी घाबरली, मग त्याचा खेळ झाला, कुणाचा तुकडा पहिल्या फटक्यात पास होतो याचा. नऊ असतील तर एक गाठ वाढवता येते, शेपूट तेवढं लांब ठेवा. अकरा असतील तर उकलण्याच्या भानगडीत पडू नका, घट्ट बसलेली पिंप-गाठ उकलत नाही. टोकाची एक गाठ कापून टाकायची. जोडाला दोरी कमी पडते, म्हणून तो तुकडा शेपटीजवळ वापरायचा, तिथे थोडक्यात भागतं.

६ मे

संध्याकाळी एकदम वारा सुटला, धूळ, मग पाऊस. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात! क्रुसाचा मांडव अर्धा उडाला, आंबे खाली. मुलांनी पुठ्ठ्याचं एक गोल चक्र केलं होतं, वाराप्रमाणे काटा फिरवला की त्या दिवशीची रहस्ये दिसतात. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. त्याचा लगदा झाला. रोजरी एकांच्या ओसरीत उरकली. चक्र पुन्हा करायचं झाल्यास प्लास्टिकच्या जुन्या फाइलचं करा.

८ मे, गुरुवार

सीमेवरच्या बातम्यांनी कालपासून घराघरांत टीव्ही चालूच आहे. मुलं विचारतात, युद्ध झालं तर शाळा उघडेल का. रोजरीत शांतीसाठी हेतू ठेवला.

रोजरीनंतर काही मुलं आमच्या पडवीत तुकडे पुरे करत बसली होती. साडेनऊ वाजून गेल्यावर कुणीतरी ओरडत आलं, पांढरा धूर! सगळी आत. नाव जाहीर होऊन नवे पोप सज्जात येईपर्यंत पावणेअकरा वाजून गेले, लहानातली दोन झोपली. लिओ चौदावे. त्यांचे पहिले शब्द शांतीचे होते. बोलण्याच्या शेवटी त्यांनी आज इटलीतल्या पोंपेईच्या मातेच्या प्रार्थनेचा दिवस असल्याचं सांगितलं, आणि सगळ्यांसोबत ‘आवे मारिया’ म्हटली. पोंपेईचं ते देवालय जपमाळेच्याच मातेचं आहे, हे मी मुलांना सांगितलं. त्यांना त्याहून जास्त गंमत याची वाटली, की पोप ‘आवे मारिया’ म्हणाले तेव्हा मुलांच्याही हातात जपमाळेचेच तुकडे होते. एकाने तर त्या वेळी सुरू असलेल्या गाठीवर पेनाने खूण केली. कुणाला जाईल ती माळ, त्याला कळणारही नाही.

११ मे

टोकं वितळवण्याचं काम. नायलॉनचं टोक मेणबत्तीने वितळवलं की उसवत नाही. पण मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीत धरलं तर काजळी धरते, दोरी काळी पडते आणि कधी पेट घेते. वितळलेला थेंब माझ्या अंगठ्यावर पडला, फोड आला. हे काम मुलांना मुळीच द्यायचं नाही. टोक ज्योतीच्या बाजूला, न शिवता धरायचं. ते आकसून गोळा झालं की दूर घेऊन चमच्याच्या पाठीने दाबायचं. ओलं फडकं शेजारी हवं. एका घरात झटपट चिकटणारा गोंद लावून पाहिला, तो कडक होऊन दोन दिवसांत तडकला आणि टोचायला लागला.

आज मातृदिन असल्याने धाकटीने तिचा पहिला बिनचूक तुकडा मला दिला. निळा.

१३ मे

क्रुसांनी दगा दिला. चोवीस धातूचे क्रूस आणले होते, आठ रुपयांना एक. चांदीसारखे दिसत होते. आठवड्यातच मुलाम्याखालून गंज वर आला. समुद्राची हवा, घामाचे हात, त्यात हा अवकाळी पाऊस. पांढऱ्या कपड्याला तांबडा डाग पडतो. सगळे बाद.

मोठ्या मुलांनी करवंटीचे क्रूस करायचं ठरवलं. नारळ इथे कमी नाहीत. एक्सॉ ब्लेडने कापायचं, पॉलिशपेपरने घासायचं. पहिले कितीतरी भोक पाडताना चिरले. मग लक्षात आलं की भोक आधी पाडायचं आणि क्रुसाचा आकार नंतर कापायचा. मोठ्या तुकड्याला भोक पाडताना भेग जात नाही, बारीक दांडीला लगेच जाते. करवंटी रात्रभर पाण्यात टाकली तर आणखी बरं. घासायला मात्र वेळ भरपूर लागतो. एका क्रुसाला दुपार गेली तरी चालेल असा धीर असणाऱ्यालाच हे काम द्या. आमच्याकडे तो धीर सहावीतल्या एका गप्प मुलात निघाला. गाठी मारताना त्याचं एकही दशक धड झालं नव्हतं. आता त्याच्या ओटीवर करवंटीच्या भुश्शाचा थर असतो आणि त्याची आई माझ्याशी जरा कमी बोलते.

१७ मे, शनिवार

वसईचा किल्ला. बेत असा की आतल्या पाच पडक्या चर्चेसपाशी एकेक दशक म्हणायचं, आपापल्या माळेवर. शनिवार, आनंदाची रहस्ये. उन्हाच्या आधी म्हणून सकाळी सहाला रिक्षा सांगितल्या, निघायला सव्वासात. नेहमीचंच.

सुरुवात गोन्सालो गार्सियांच्या चर्चपासून. ते वसईचेच, फ्रान्सिस्कन संघाचे बंधू. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला इतर पंचवीस जणांसोबत क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये संत जाहीर झाले. आपल्या गावचा माणूस संत आहे हे मुलांना माहीत असतं, पण जपानात कसा पोहोचला हे कुणी सांगितलेलं नसतं. व्यापार करायला गेले होते म्हटल्यावर मुलांचा रस एकदम वाढला. मग संत जोसेफचं चर्च, त्याचा उंच मनोरा. मग फ्रान्सिस्कनांचं, जिथे जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या समाधीशिळा आहेत. इथे पाऊण तास गेला. मुलांनी पालथं पडून अक्षरं वाचायचा सपाटा लावला, कुठला शब्द आपल्या आडनावासारखा दिसतो याचा शोध. मीही बसले शोधायला.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी हा किल्ला घेतला आणि इथल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यातली एक वाईजवळ मेणवलीला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. आठवीतल्याने विचारलं, ‘मग आता त्या परत मागायच्या का?’ एका काकूंनी उत्तर दिलं, ‘तिथेही प्रार्थनेलाच वाजतायत ना.’

साडेदहानंतर ऊन असह्य झालं. ऑगस्टिनियन चर्चचे अवशेष मुलांना बघायचेच होते, नवे पोप त्याच संघाचे म्हणून. पण दोन लहान मुलींचे चेहरे लाल झाले होते आणि पाणी संपत आलं होतं. तिथेच थांबवलं. उरलेली दोन दशकं झाडाखाली बसून म्हटली. पाच जागा एका सकाळी हा बेत मे महिन्यात चुकीचाच आहे. तीन घ्या, किंवा डिसेंबरात जा. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, मेणबत्त्या आणि तोरणं न्यायची नाहीत, कचरा सगळा परत आणायचा. पायात बूट हवेत, चपला नाहीत, झुडपात साप असतात. रिक्षा जाऊन-येऊन ६०० रुपये.

दोरीच्या माळा इथे कामाला आल्या. पडल्या, तुडवल्या गेल्या, एक सरबताच्या भांड्यात बुडाली. घरी येऊन साबणाने धुऊन वाळत घातल्या.

२३ मे

गळती. तीन मुलं आजोळी गेली, दोघं लग्नाच्या घरी, आठवीतला टूर्नामेंटमध्ये. तुकडे पडून, जोडायला कुणी नाही. मी रात्री मशीन बंद करून जोडत बसते. दुसरं रीळ आणलं, पुन्हा २४०.

या आठवड्यात एक गोष्ट चांगली घडली. आजोळी गेलेल्यांपैकी एकीने सोबत दोरी आणि पेनाची नळी नेली होती. तिथल्या मामेभावंडांना शिकवून ती तुकड्यांची पिशवी घेऊन आली. त्यातले निम्मे आजींनी नापास केले.

२६ मे, सोमवार

मान्सून मुंबईत दाखल, आज! एरवी ११ जूनच्या आसपास येतो. रात्रीपासून कोसळतोय, बावखल (गोड्या पाण्याचं तळं) तुडुंब, आळीत घोटाभर पाणी. क्रुसापाशी समारोप करायचा होता तो विषय संपला. सुती दोऱ्याच्या ज्या एक-दोन माळा हौसेने केल्या होत्या त्यांना बुरशीचा वास यायला लागला. नायलॉनला काही झालं नाही. करवंटीचे क्रूसही ठीक, फक्त त्यांना खोबरेल तेलाचं बोट लावून ठेवलं.

३१ मे, शनिवार

आज मरियेच्या भेटीचा सण, ती घाईघाईने डोंगरातून एलिझाबेथकडे गेली तो. योगायोगाने शनिवार, म्हणजे आनंदाच्या रहस्यांत दुसरं रहस्य तेच. संध्याकाळी चर्चमध्ये फादरांनी माळांना आशीर्वाद दिला. टोपली मुलांनीच वेदीपाशी नेली. मग छत्र्या घेऊन घरोघर.

प्रत्येक घरी आत जाऊन माळ द्यायची आणि त्या माणसासोबत एक दशक म्हणायचं, एवढंच ठरलं होतं. अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांनी माळ हातात घेतली, पण गाठी त्यांच्या बोटांना लागेनात. जाड, आखडलेली बोटं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, ‘बारीक आहे.’ गप्प मुलाने तिथेच विचारलं, ‘किती जाड पाहिजे?’ आणि आजोबांनी करंगळीचं पेर दाखवलं. म्हाताऱ्या माणसांसाठी जाड दोरी घ्या, बारक्या गाठीला चार-पाच वेढे आणि मोठीला सात. हे आम्हाला सुरुवातीलाच विचारून घेता आलं असतं, सगळे पाच मिनिटांच्या अंतरावर राहतात.

एका घरी आजींनी कौतुक केलं आणि माळ कपाटात ठेवली. त्यांच्याकडे जेरुसलेमहून आणलेली ऑलिव्हच्या लाकडाची आहे, त्या तीच वापरणार. ज्या मुलीने केली होती ती हिरमुसली. समजूत घालायला माझ्याकडे काही नव्हतं. एका घरी मात्र अर्धा तास अडकलो, सुकेळी (वाळवलेली केळी) खायला लावली आणि मुलांना कादोडी या इथल्या बोलीतली जुनी गाणी म्हणून दाखवली.

८ जून, पेंतेकॉस्तचा रविवार

हिशेब. दोरी ४८०, धातूचे क्रूस १९२ (पाण्यात), एक्सॉ ब्लेड ६०, पॉलिशपेपर ४५. म्हणजे माळांचा खर्च ७७७, आणि क्रुसांची फसगत वजा केली तर ५८५. त्याशिवाय रिक्षा ६०० आणि किल्ल्यावरचं खाणं-सरबत ३१०. आळीतल्या घरांनी वाटून घेतला. चणे धरलेले नाहीत, ते दरवर्षीचेच.

आजोबांची जाड माळ परवा तयार झाली. त्यांच्या पेराच्या मापाने केली, तीही एकट्या गप्प मुलाने, पाचही तुकडे त्याचेच. तपासायला आजींकडे गेली तेव्हा दुसऱ्या दशकात नऊ निघाले. त्याने काही न बोलता ती परत नेली.

धर्मशिक्षणाच्या बाईंनी ऑक्टोबरसाठी चाळीस माळा मागितल्या आहेत. तो जपमाळेचा महिना, ७ तारखेला सण. १६ जूनला शाळा सुरू, म्हणजे शनिवार-रविवार तेवढे हातात. मी हो म्हटलेलं नाही, पण मुलांनी बाईंना परस्पर सांगून टाकलंय. पाचूबंदरला जाऊन यावं लागेल. कुणाला गुलाबी जाळ्याची दोरी कुठे मिळते माहीत असेल तर कळवा, धाकटी अजून अडून बसली आहे.